‘आम्ही कळवू’

निवृत्त होऊन चार महिने झाले होते, तेव्हा मी कोथरूडमधल्या एका प्रशिक्षण संस्थेत गेले होते. कारखान्यांत नव्याने झालेल्या सुपरवायझरांना माणसं कशी सांभाळायची हे शिकवायला त्यांना कोणीतरी अनुभवी हवं होतं. अनुभव माझ्याकडे भरपूर होता आणि वेळ त्याहून जास्त. संचालक माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी माझा कागद वाचला, चहा पाजला, दोनदा ‘वा’ म्हणाले आणि उठताना म्हणाले, "मॅडम, आम्ही कळवू तुम्हाला."

जिना उतरताना मला हसू आलं. हडपसरच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात मी एकतीस वर्षं माणसं नेमायचं काम केलं. हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल याची मोजदाद नाही. त्याचा अर्थ मला कोणी सांगायची गरज नव्हती. तरीही पुढचे आठ दिवस मी आंघोळीला जाताना फोन बाथरूमच्या दाराशी स्टुलावर ठेवत होते. नवव्या दिवशी स्टूल मुकाट्याने स्वयंपाकघरात परत गेलं. त्या आठ दिवसांत मला सुधाकर इंगोले रोज आठवला, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी लागले तेव्हा आमच्या खात्याला पर्सोनेल म्हणत, निवृत्त झाले तेव्हा एचआर. पाटी बदलली, कपाटं तीच राहिली. बाहेरच्यांना वाटतं, आम्ही नोकऱ्या देतो. खरं तर आमचा बहुतेक वेळ नोकऱ्या न देण्यात जातो. एका जागेसाठी बारा जण येतात. एकाला ‘या’ म्हणायला पाच मिनिटं पुरतात. उरलेल्या अकरा जणांना कसं वाटेला लावायचं हे ज्याला जमलं, तो आमच्या कामात मुरला असं समजायचं.

मला ते भावे साहेबांनी शिकवलं. भावे साहेब माझे पहिले वरिष्ठ. अंगाने किरकोळ, आवाज हळू, आणि रागावले की ‘अहो’वरून ‘आपण’वर यायचे. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी एका उमेदवाराला सरळ सांगितलं की तुमची निवड होणार नाही. तो कारण विचारू लागला, मी कारण सांगू लागले, आणि अर्ध्या तासाने आम्ही दोघंही उभं राहून बोलत होतो. तो गेल्यावर भावे साहेब म्हणाले, "पाटणकर, आपण वकिली करायला आलात का? नाही म्हटलं की माणूस कारण विचारतो. कारण दिलं की वाद होतो. ‘कळवू’ म्हणायचं आणि खुर्ची मागे सरकवायची. त्याला कळतं."

खरोखरच कळायचं. पुण्याचा उमेदवार ‘कळवू’ ऐकलं की फाइल बगलेत मारायचा, ‘बरं’ म्हणायचा आणि मागे न बघता जायचा. त्यात अपमान नव्हता आणि खोटेपणाही नव्हता, निदान मला तसं वाटायचं. दोन्ही बाजूंना अर्थ ठाऊक असेल तर ते खोटं कसं म्हणायचं? पुढे मी भावे साहेबांच्या खुर्चीवर बसले तेव्हा मला खुर्ची मागे सरकवायचीही गरज उरली नव्हती. नुसतं पेनाला टोपण लावलं की माणसं उठायची.

मुलाखतीत नाना नमुने भेटत. एकाला मी विचारलं, आधीची नोकरी का सोडलीत? तो शांतपणे म्हणाला, "तिथे असे प्रश्न विचारायचे." त्याला मी घेतलं. उत्तम निघाला, फक्त माझ्याशी कधी फारसं बोलला नाही. एकाचे वडील आत येऊन बसले आणि मुलाला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतःच देऊ लागले. शेवटी मी म्हटलं, नोकरी आपल्याला हवी आहे का? ते म्हणाले, "असेल तर बघा."

पण यंत्रावरच्या माणसाची खरी परीक्षा माझ्या टेबलावर व्हायची नाही. ती रफिकभाईंकडे व्हायची. रफिकभाई आमच्या टूलरूमचे मुख्य आणि नव्या माणसांचे शिक्षकही. भवानी पेठेत त्यांच्या तीन पिढ्या झालेल्या, हातात कायम पुसायचं फडकं आणि तोंडात मोजकी वाक्यं. त्यांची एक रीत होती. उमेदवाराला लेथवर कातलेला एक दांडा द्यायचा, एक व्हर्नियर द्यायचा आणि व्यास मोजून लिहायला सांगायचं. व्हर्नियर म्हणजे केसाएवढा फरक दाखवणारी मोजपट्टी. तिचे दोन जबडे मिटले की दोन्ही पट्ट्यांवरची शून्यं समोरासमोर यायला हवीत. रफिकभाई मुद्दाम असा व्हर्नियर ठेवत, ज्याची शून्यं जुळत नसत. बहुतेक जण दांडा उचलून मोजायला लागायचे आणि दिसेल तो आकडा लिहायचे. आधी जबडे मिटवून शून्य पाहणारा क्वचित भेटायचा.

सुधाकर इंगोलेने शून्य पाहिलं होतं.

तो वाशिमकडून आला होता. आयटीआय केलेला टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा, वय अठ्ठावीसच्या आसपास, हडपसर गावात चार जणांत एक खोली घेऊन राहत होता. त्याने जबडे मिटवले, व्हर्नियर उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "साहेब, याचा झिरो सरकला हाय."

"किती?" रफिकभाईंनी विचारलं.

"दोन घरं." मग त्याने दांडा मोजला, दोन घरं वजा केली, आकडा लिहिला आणि व्हर्नियर पुसून खोक्यात ठेवला. ठेवताना जबडे किंचित उघडे ठेवले, जसे ठेवायला हवेत तसे. रफिकभाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. ते त्यांच्या परीने टाळ्या वाजवणंच होतं.

जागा एकच होती. दुसरा उमेदवार शेजारच्या मांजरी गावचा होता. त्याने शून्य पाहिलं नव्हतं, पण त्याला दोन वर्षांचा अनुभव होता आणि त्याचं घर कारखान्यापासून मोटरसायकलवर दहा मिनिटांवर होतं. आदल्याच वर्षी लांबून आलेले आमचे दोन टर्नर दिवाळीला गावी गेले ते परतलेच नव्हते. माझ्या डोक्यात तेच बसलं होतं. रफिकभाई म्हणाले, "मॅडम, शिकवायचं मला आहे. मला इंगोले द्या." मी म्हटलं, शिकवाल तुम्ही, पण टिकायला नको का? त्यांनी वाद घातला नाही.

इंगोलेला मी पुन्हा आत बोलावलं. त्याचं काम मनापासून आवडलं होतं, आणि बहुधा म्हणूनच नेहमीपेक्षा दोन शब्द जास्त बोलले. "काम चांगलं आहे तुमचं. आम्ही कळवू."

"कवा, मॅडम?"

हा प्रश्न मला कोणी विचारत नसे. मी पेनाला टोपण लावत म्हटलं, "थोड्या दिवसांत."

त्याने अर्जावरचा आपला मोबाइल नंबर मला वाचून दाखवला, बरोबर आहे ना ते माझ्याकडून वदवून घेतलं आणि हसून गेला. त्या हसण्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

दहा आठवड्यांनी एका सकाळी मी बसमधून उतरून गेटपाशी आले, तर आमचे वॉचमन शितोळे म्हणाले, "मॅडम, ह्ये तुमाला भेटायला आल्यात. सातपासनं बसल्यात हितं. तुमीच बोलावलंय म्हनत्यात." मी पाहिलं तर इंगोले, प्लॅस्टिकच्या पिशवीत तीच फाइल. पहिल्यांदा मला वाटलं, भांडायला आला असणार. तसे अधूनमधून येत. मी त्याला केबिनमध्ये नेलं, चहा सांगितला आणि मनातल्या मनात उत्तरं जुळवू लागले.

तो भांडायला आला नव्हता. खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाला, "मॅडम, तुमी कळवतो म्हनल्या होत्या. मले वाटलं, माहा फोन लागत नसन. आमच्या खोलीत रेंज येत नाई. तुमी लावत असान आन् तो लागत नसन, म्हनून सोताच आलो."

मी विचारलं, सध्या काय करता? तो पहाटे हडपसरच्या भाजीबाजारात पोती उतरवत होता. का, तर ते काम सकाळी आठला संपतं, म्हणजे कंपनीची वेळ सुरू झाली की फोन घ्यायला माणूस मोकळा. आज तेवढा खाडा केला होता. फोन वरच्या खिशात ठेवायचा, आणि खाली वाकताना पडू नये म्हणून खिशाला सेफ्टी पिन. त्याने ती पिन मला दाखवली. मधल्या काळात त्याला चाकणच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं होतं. टर्नरचीच जागा.

"मग?"

"त्यायले नाई म्हनलं. तुमाले शब्द देल्ला होता ना मॅडम. हडपसरचा फोन येनार हाय म्हनलं."

शब्द त्याने मला दिलेला नव्हता. मी त्याला दिला होता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. त्याचे हात टेबलावर होते. मुलाखतीच्या दिवशी मी ते पाहिले होते, टर्नरचे स्वच्छ नखांचे हात. आता ते पोत्यांनी सोलवटले होते.

अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं ते मला आज सांगता येतं. तेव्हा मी म्हटलं, "बसा बाहेर जरा. बघते." म्हणजे दहा आठवड्यांपूर्वी केलं तेच पुन्हा केलं, फक्त क्रियापद बदललं. आणि त्याचा चेहरा पुन्हा उजळला.

मी टूलरूममध्ये गेले. रफिकभाईंना सगळं सांगितलं. जागा भरलेली होती, मांजरीचा टर्नर दोन महिन्यांपासून कामावर होता, दुसरी जागा वर्षभर निघणार नव्हती. मी म्हटलं, काहीतरी बघू का, हंगामी वगैरे? रफिकभाई फडक्याने हात पुसत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, हंगामी काही आहे का?"

"नाही."

"मग त्याला नाही म्हणा. तुमच्या तोंडाने म्हणा, आत्ता म्हणा. नाहीतर तो उद्या परत सातला येऊन बसेल. ज्याने शून्य बघितलं त्याला आपण चुकीचं माप दिलं."

मी परत आले. बाहेरच्या बाकावरून इंगोले चहाचा कप घेऊन उठला, त्याला मी आत नेलं. एवढी वर्षं नोकरी झालेली, पण ‘नाही’ म्हणायच्या आधी मी टेबलावरचे कागद दोनदा सरळ केले हे लपवत नाही. "इंगोले, ती जागा भरली. तुम्ही आलात त्याच आठवड्यात भरली. दुसरी जागा नाही आणि लवकर निघणारही नाही. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

त्याने फाइल पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "माहं काय चुकलं होतं?"

"काही नाही. तुम्ही लांबचे, टिकाल की नाही असं मला वाटलं."

"लांबचा हाय ते तं मी अर्जातच लिवलं होतं." आणि थोड्या वेळाने, "मंग तुमी कळवतो काहून म्हनल्या?"

मी खरं ते सांगितलं. "आमच्याकडे कळवू म्हणजे नाही, असं समजतात."

त्याने यावर चांगला विचार केला. राग दिसला नाही. एखाद्या अनोळखी यंत्राचा दांडा कोणत्या बाजूला फिरतो ते समजून घ्यावं तसा त्याचा चेहरा होता. मग त्याने विचारलं, "आन् खरंच कळवाचं असलं, तं काय म्हनता?"

मी टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं. त्याने चहा संपवला, कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि फाइल पिशवीत घालून तो गेला. मी खिडकीतून पाहिलं. गेटबाहेर गेल्यावर त्याने खिशाची सेफ्टी पिन काढली आणि फोन हातात घेतला. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली, आणि ती बरेच दिवस गेली नाही.

त्या आठवड्यापासून मी एक काम स्वतःच्या अंगावर घेतलं. ज्यांना घ्यायचं नाही अशा प्रत्येक उमेदवाराला शनिवारी दुपारी फोन करायचा आणि ‘नाही’ असं सांगायचं. चिठ्ठी नाही, मेल नाही, कारकुनाकडून निरोप नाही. ऑफिसात त्याला ‘नकाराचा शनिवार’ असं नाव पडलं. वरिष्ठ म्हणाले, "पाटणकर मॅडम, वाईट बातमी द्यायचा हा काय नवा छंद?" पुण्याच्या उमेदवारांना तर माझं वागणं आगाऊपणाचं वाटायचं. सदाशिव पेठेतले एक गृहस्थ फोनवर म्हणाले, "ते आम्हाला तुम्ही पेन बंद केलंत तेव्हाच समजलं होतं. एवढ्यासाठी दुपारची झोप मोडलीत?" एकाने शिव्या दिल्या. एका बाई रडू लागल्या आणि मी फोन धरून बसून राहिले. भावे साहेबांनी सांगितलं होतं तसे वादही झाले, पुष्कळ झाले. पण गेटपाशी सातपासून कोणी बसलेलं मला पुन्हा दिसलं नाही.

आठव्या महिन्यात मांजरीच्या टर्नरने राजीनामा दिला. त्याला चाकणला मोठ्या कंपनीत जागा मिळाली होती. दहा मिनिटांवर घर असलेला माणूस आपल्याकडे टिकतो हा माझा अंदाज होता, आणि त्याच अंदाजावर मी एका माणसाचे दहा आठवडे घालवले होते. राजीनाम्याचा कागद घेऊन मी टूलरूममध्ये गेले. रफिकभाईंनी तो वाचला, परत दिला आणि ते फडक्याने हात पुसत लेथकडे वळले. त्यांनी काही बोलावं असं मला फार वाटत होतं.

मी फाइलमधून इंगोलेचा अर्ज काढला आणि नंबर लावला. नंबर बदलला असेल असं धरूनच चालले होते. दुसऱ्या रिंगला आवाज आला, "बोला मॅडम." त्या दिवशी गेटवर शितोळ्यांकडून घेतलेला माझा नंबर त्याने नावासकट ठेवला होता. तो गावाकडे परत गेला होता आणि तालुक्याच्या ठिकाणी एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करत होता. मी सांगितलं की जागा निघाली आहे, कायम आहे, परीक्षा पुन्हा द्यायची नाही, सोमवारी या. पलीकडे बराच वेळ लेथचाच आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "मॅडम, घरी इचारतो. रविवारी कळवतो."

फोन ठेवला आणि मी बसून राहिले. एकतीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच हा शब्द माझ्या बाजूला आला होता. आता तो या शब्दाला पुण्यातून शिकून गेलेला अर्थ लावतो आहे की त्याचा स्वतःचा? लावला असता पुण्याचा अर्थ, तर मला तक्रार करायला तोंड नव्हतं. मी रफिकभाईंना विचारलं. ते म्हणाले, "वाशिमचा ‘कळवतो’ आहे मॅडम. फोन येईल."

मशिन रिकामं उभं होतं. उत्पादन विभाग रोज विचारत होता. माझ्याकडे आणखी तिघांचे अर्ज होते आणि त्यातले दोघं पुण्यातलेच होते. मी सांगितलं, रविवारपर्यंत जागा धरून ठेवायची. कोणासाठी, असं विचारलं तेव्हा म्हटलं, एकाने कळवतो म्हटलं आहे. सगळे माझ्याकडे बघत राहिले. आमच्या खात्यात असं कारण याआधी कोणी दिलं नव्हतं.

रविवारी आमच्या घरी नणंद आणि तिचे यजमान जेवायला होते. मी ओट्यापाशी होते, फोन मिसळणाच्या डब्याशेजारी. अकराला तो वाजला.

"मॅडम, इंगोले बोलतो. नाई जमनार."

मी गॅस बारीक केला. कारण विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्यानेच सांगितलं. "इथल्या मालकाकडं गेलो, त्यानं झिरोबिरो काई पाह्यला नाई. कवापासून येता म्हनला, मी म्हनलं आत्तापासून, तं म्हनला ये. आता त्याले सोडून येनं बरं नाई वाटत. तुमची कंपनी मोठी हाय, पगारही मोठा हाय, पन नाई जमनार."

"बरं," मी म्हटलं. मग म्हटलं, "इंगोले, तुम्ही मला तेव्हा एक विचारलं होतंत..."

"हाव, याद हाय. तवा लय राग आला होता तुमचा. पन तुमी तोंडावर नाई म्हनल्या, तं मी त्याच दिवशी गावाकडं निंगालो. नाई तं अजून तिथंच बसलो असतो, पिन लावून." तो हसला. तेच हसणं, यावेळी मी नीट ऐकलं. "ठेवतो मॅडम. कळवतो म्हनलो होतो ना, म्हनून फोन केला."